तणनाशक-प्रतिकार व गट-क्रमांक

एखाद्या तणनाशकाच्या शिफारस केलेल्या मात्रेने जे तण पूर्वी खात्रीने मरत असे, तेच तण काही पिढ्यांनंतर त्याच मात्रेत जिवंत राहून बी धरू लागले, तर त्या तणात तणनाशक-प्रतिकार निर्माण झाला असे म्हणतात. हा गुण आनुवंशिक असून तो बियांमार्फत व काही जातींत परागांमार्फतही पुढील पिढीत उतरतो. प्रतिकार व सहनशीलता या दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते. क्विझॅलोफॉप या तणनाशकाने गवते मरतात, पण माठ किंवा दुधी यांसारखी रुंद पानांची तणे मरत नाहीत. ती पूर्वीही मरत नव्हती. केना (लॅ. कॉमेलिना बेंगालेन्सिस) ग्लायफोसेटाला पहिल्यापासूनच फारशी दाद देत नाही. ही सहनशीलता होय. प्रतिकार हा मागाहून येतो, आणि तो येण्यास माणसाची फवारणीच कारण होते.

तणनाशक वनस्पतीच्या शरीरातील ज्या विशिष्ट क्रियेवर किंवा एंझाइमावर आघात करते, त्यास त्याचे क्रियास्थान म्हणतात. ज्यांचे क्रियास्थान एक त्या सर्व तणनाशकांना एकच अंक देण्याची पद्धत आता जगभर रूढ झाली असून त्या अंकास गट-क्रमांक म्हणतात. बाजारात नावे अगणित असली, तरी गट थोडेच आहेत. प्रतिकाराचा प्रश्न नावांचा नसून गटांचा आहे, ही गोष्ट मराठवाड्यातील हट्ट्यासारख्या सोयाबीन-हळदीच्या शिवारात जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती पुस्तकी वर्गीकरणातून दिसत नाही. म्हणून येथे त्या परिसराच्या आधारे विवेचन केले आहे. [⟶ तण, तणनाशके].

हट्टा परिसर : हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गाव परभणी–वसमत मार्गाच्या पट्ट्यात आहे. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात असलेला हा भाग १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात मोडत असे. जमीन बहुतांशी काळी व चिकण आहे. खरीप ज्वारी, कापूस, मूग, उडीद, तूर आणि रब्बी ज्वारी, करडई, हरभरा ही येथील जुनी पिके. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांच्या कालव्यांमुळे वसमत तालुक्यात ऊस, गहू व हळद यांना वाव मिळाला. वसमतची हळद आज राज्याबाहेरही प्रसिद्ध आहे. कोरडवाहू रानांत मात्र १९९० नंतरच्या काळात सोयाबीन झपाट्याने पसरले आणि त्याने ज्वारी व मूग-उडीद यांची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. १९७२ मध्ये परभणीस स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) सोयाबीनचे एमएयूएस-७१ सारखे वाण दिले, त्यांचाही या प्रसारास हातभार लागला.

या भागात तणाशी झुंजण्याची जुनी साधने चार : नांगर, वखर, कोळपे व खुरपे. हरळी (लॅ. सायनोडॉन डॅक्टिलॉन) आणि कुंदा या बहुवर्षायू गवतांची मुळे व खोड जमिनीत खोल जात असल्याने त्यांच्यासाठी उन्हाळ्यात बैलांच्या अनेक जोड्या जुंपून खोल नांगरट करीत व उपसून वर आलेल्या काशा उन्हात वाळू देत. मृगापूर्वी वखराच्या पाळ्या देऊन पहिल्या पावसाने उगवलेले तण मोडले जाई. तिफणीने पेरलेल्या ओळींमधून कोळपे फिरे आणि ओळीत राहिलेले तण स्त्रिया खुरप्याने काढीत. काढलेल्या तणातील पुष्कळसे गुरांच्या दावणीला जाई. तांदुळजा, घोळ, पाथरी, कोवळे कुर्डू ही तर घरी भाजीला येत. तण हा केवळ शत्रू नव्हता, ही गोष्ट आजच्या चर्चेत बहुधा विसरली जाते.

या पद्धतीची सारी भिस्त वाफशावर होती. काळ्या जमिनीत पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस वाफसा येत नाही. कोळपे चालत नाही व रानात पाय ठरत नाही. त्याच दिवसांत तण सर्वांत जोमाने वाढते. सोयाबीनचे पीक पेरणीनंतर साधारणतः १५ ते ४५ दिवसांच्या काळात तणमुक्त असणे निकडीचे असते, आणि झड नेमकी याच काळात लागते. ज्वारीचे उंच पीक तणावर थोडीफार सावली तरी धरी. बुटके सोयाबीन पहिल्या महिन्यात ती धरू शकत नाही. त्यात सर्वांची पेरणी एकाच आठवड्यात होत असल्याने सर्वांना खुरपणीसाठी मजूरही एकाच आठवड्यात हवे असतात. मजुरीचे दर वाढले, खुरपणी गुत्त्याने देण्याची रीत पडली, बैलजोड्या कमी झाल्या. तणनाशकाची बाटली या पोकळीत आली. आळसापोटी फवारणी सुरू झाली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तणनाशकांचा व प्रतिकाराचा इतिहास : रासायनिक तणनाशाची सुरुवात १८९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये झाली. द्राक्षवेलींवर फवारलेल्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाने जवळचे मोहरीवर्गीय तण करपते, पण तृणधान्यास इजा होत नाही, हे बॉने यांच्या ध्यानात आले. भारतात १९३७ मध्ये पंजाबात रानकरडईवर सोडियम आर्सेनाइट वापरून पाहण्यात आले. खरे युगांतर घडले ते २,४-डी या संयुगाने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधले गेलेले हे द्रव्य १९४५ नंतर बाजारात आले व १९४६ मध्ये त्याच्या भारतातही चाचण्या झाल्या. भारतीय तणविज्ञान परिषद १९६८ मध्ये स्थापन झाली. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९७८ मध्ये तणनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित कार्यक्रम हाती घेतला, आणि १९८९ मध्ये जबलपूर येथे तणविज्ञानाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले.

नव्या औषधाचे कौतुक ओसरण्यापूर्वीच इशारे मिळू लागले होते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हार्पर यांनी १९५६ मध्येच असे मांडले की, कीटकांत कीटकनाशकांना प्रतिकार उत्पन्न होतो, तसाच तो तणांतही होईल. पुढच्याच वर्षी कॅनडातील रानगाजरात व हवाईतील केन्याच्या एका भाईबंद जातीत २,४-डी ला न जुमानणारी झाडे आढळली. तथापि ज्याने शास्त्रज्ञांना खडबडून जागे केले, तो वृत्तांत १९७० चा आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका रोपवाटिकेत सिमाझीन व अॅट्राझीन यांचा वर्षानुवर्षे वापर झाल्यावर सेनेसिओ व्हल्गॅरिस हे क्षुद्र तण त्यांना पूर्णतः पचवू लागल्याचे रायन यांनी प्रसिद्ध केले. ही द्रव्ये हरितकणूतील एका प्रथिनाला चिकटून प्रकाशसंश्लेषण थांबवितात. त्या प्रथिनातील २६४ व्या जागेवरील एक ॲमिनो अम्ल बदलले की द्रव्य तेथे चिकटतच नाही, हे १९८३ मध्ये सिद्ध झाले. एवढा लहान बदल व एवढा मोठा परिणाम!

१९८२ मध्ये क्लोरसल्फ्यूरॉन हे अत्यल्प मात्रेत काम करणारे तणनाशक बाजारात आले. ते सल्फोनिलयूरिया कुलातील आहे. सोयाबीनमध्ये वापरले जाणारे इमॅझेथापीर हे रासायनिक दृष्ट्या अगदी निराळ्या इमिडॅझोलिनोन कुलातील. परंतु १९८४ मध्ये असे दिसून आले की, दोन्ही कुले वनस्पतीतील एकाच एंझाइमावर, म्हणजे वॅलीन, ल्यूसीन व आयसोल्यूसीन ही ॲमिनो अम्ले तयार करणाऱ्या ॲसिटोलॅक्टेट सिंथेजावर, आघात करतात. म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने परकी असलेली दोन औषधे तणाच्या दृष्टीने सख्खी भावंडे निघाली. गट-क्रमांकाची सारी कल्पना या एका निरीक्षणात सामावलेली आहे. या एंझाइमाच्या जीनमध्ये अनेक ठिकाणी बदल होऊनही वनस्पती सुखाने जगते. त्यामुळे प्रतिकारही येथे लवकर येतो. अमेरिकेतील गव्हाच्या शेतांत तो १९८७ मध्ये, अवघ्या पाच वर्षांत आला. सोयाबीनच्या देशांचा अनुभव हट्ट्याला अधिक जवळचा आहे : ब्राझीलमध्ये १९९३ च्या सुमारास दुधीच्या जातकुळीतील युफोर्बिया हेटेरोफायला आणि अर्जेंटिनात १९९६ मध्ये माठाची एक जात या गटास प्रतिकारक ठरली. या एकाच गटास प्रतिकारक असलेल्या तणांच्या जाती आता दीडशेहून अधिक झाल्या असून इतर कोणत्याही गटाची संख्या एवढी नाही. १९७४ मध्ये बाजारात आलेल्या ग्लायफोसेटाला प्रतिकार येणार नाही असा बराच काळ समज होता. तोही १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील राय गवताने खोटा ठरविला.

प्रतिकार कसा वाढतो : तणनाशक प्रतिकार उत्पन्न करीत नाही, ते निवड करते. लाखो रोपांत क्वचित एखादे रोप जन्मतःच बदललेले असते. हिशोबासाठी समजा की, एखाद्या रानात दहा लाख रोपांमागे असे एकच रोप आहे आणि दरवर्षीच्या फवारणीने साध्या रोपांपैकी शेकडा ९० मरतात. पहिल्या फवारणीनंतर हे प्रमाण एक लाखात एक होते, दुसरीनंतर दहा हजारांत एक, तिसरीनंतर हजारात एक, चौथीनंतर शंभरात एक. चार वर्षे औषध उत्तम चालते आहे असेच शेतकऱ्याला वाटते, आणि दृष्टीपुरते ते खरेही असते. पाचव्या वर्षी दहात एक रोप प्रतिकारक होते. सहाव्या फवारणीनंतर निम्मे रान हातचे गेलेले असते. प्रत्यक्षात जमिनीत दडलेले जुने बी दरवर्षी उगवून हा वेग कमी करते. पण चढण शेवटच्या दोन पायऱ्यांतच दिसते, हे तत्त्व कायम राहते. ‘औषध यंदा एकाएकी भेसळीचे आले’ ही तक्रार पुष्कळदा या शेवटच्या पायऱ्यांवरची असते. अर्थात प्रत्येक वेळी नाही : भेसळ खरोखरीही असते, तण मोठे झाल्यावर फवारलेले असते, पंपाचे तोंड चुकीचे असते, फवारणीनंतर लगेच पाऊस आलेला असतो किंवा गढूळ पाण्याने औषध निकामी झालेले असते. एकाच जातीचे तण, सारखी उंची, एक रोप मेलेले व शेजारचे तजेलदार असे चित्र दिसले आणि बाकीची तणे मात्र नीट मेलेली असली, तर प्रतिकाराचा संशय घ्यावा. खात्री करून घेण्यास वाचलेल्या झाडांचे पक्व बी कुंड्यांत उगवून त्यावर वाढत्या मात्रांची फवारणी करतात आणि कधीही फवारणी न झालेल्या जागेतील बियांच्या रोपांशी तुलना करतात.

निवडीचे हे तत्त्व रसायनांपुरतेच आहे असेही नाही. शतकानुशतके भात बेणताना हाताने तण उपटल्यामुळे भातासारखेच दिसणारे सावावर्गीय तण मागे उरत गेले. खुरप्यानेही आपला ‘प्रतिकार’ निर्माण केला. फरक वेगाचा आहे.

हरयाणाचा धडा : भारतातील या विषयाचा खरा अध्याय महाराष्ट्राबाहेर लिहिला गेला. हरितक्रांतीनंतर हरयाणा व पंजाबात भातानंतर गहू हे चक्र पक्के झाले. त्याबरोबर फॅलॅरिस मायनर हे गवत वाढले. तिकडे त्यास मंडूसी किंवा गुल्लीडंडा म्हणतात. ओंबी येईपर्यंत ते गव्हाहून ओळखणे कठीण जाते, त्यामुळे खुरपणीचा उपयोग होत नसे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आयसोप्रोट्यूरॉन हे स्वस्त व प्रभावी औषध मिळाले आणि दहा-पंधरा वर्षे बहुतेक सर्व शेतकऱ्यांनी दरवर्षी तेच एक वापरले. १९९०–९५ च्या दरम्यान अनेक गावांत ते चालेनासे झाले. मात्रा दुप्पट केली तरी चालेना. काही शेतकऱ्यांना उभा गहू हिरवा कापून गुरांना घालावा लागला. हिस्सारच्या कृषी विद्यापीठातील आर. के. मलिक व समुंदर सिंग यांनी हा प्रतिकार असल्याचे दाखवून दिले. जेथे भात–गहू हेच चक्र अखंड होते तेथे तो जास्त होता. जेथे मध्ये बरसीम किंवा ऊस येत असे, तेथे कमी.

पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. १९९७–९८ च्या सुमारास क्लोडिनॅफॉप, फेनॉक्झाप्रॉप व सल्फोसल्फ्यूरॉन ही नवी औषधे शिफारशीत आली, गव्हाचे उत्पादन सावरले, आणि लोकांनी या औषधांचाही तसाच एकसुरी वापर केला. पुढील दशकात त्यांनाही न जुमानणारी झाडे सापडू लागली. याचे एक कारण गवताच्या अंगी होते. आयसोप्रोट्यूरॉनला या तणाने दिलेले उत्तर क्रियास्थान बदलण्याचे नव्हते, तर औषध पोटात घेऊन ते मोडून टाकण्याचे होते; आणि मोडतोडीची ही यंत्रणा दुसऱ्या गटाच्या औषधावरही चालू शकते. रासायनिक उपायांच्या जोडीला तेथे न नांगरता पेरणी करण्याची पद्धत पसरली, कारण माती न हलविल्यास हे तण कमी उगवते. तण हटविण्याच्या गरजेतून नांगरच बाजूला ठेवला गेला, हे एक नवलच होय.

अक्षरांकडून अंकांकडे : गट ओळखण्यासाठी खूण छापावी ही कल्पना प्रतिकाराचा सर्वाधिक फटका बसलेल्या ऑस्ट्रेलियात १९९०–२००० या दशकात प्रथम अंमलात आली. तेथे रोमन अक्षरे वापरण्यात आली. उत्पादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही (स्थापना १९८९) अक्षरेच घेतली, पण निराळ्या क्रमाने. अमेरिकेच्या तणविज्ञान संस्थेने १९९७ मध्ये अंक स्वीकारले, आणि कॅनडाने १९९९ मध्ये अंक वेष्टनावर छापण्यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. परिणामी एकाच २,४-डी ला ऑस्ट्रेलियात ‘आय’, आंतरराष्ट्रीय समितीच्या यादीत ‘ओ’ व अमेरिकेत ४ अशी तीन नावे पडली. हा घोळ २०२० मध्ये मिटला : आंतरराष्ट्रीय समितीने अक्षरे सोडून अंक घेतले व ऑस्ट्रेलियाही त्यानंतर अंकांकडे वळला. रोमन लिपी न वापरणाऱ्या देशांतील शेतकऱ्यांना अक्षरांचा उपयोग होत नाही, हे या बदलामागील एक कारण होते; मराठी वाचकाला ते सहज पटावे. याच वेळी नव्या ज्ञानानुसार काही गट एकत्रही करण्यात आले. आयसोप्रोट्यूरॉन पूर्वी ७ मध्ये होते. ते आता अॅट्राझीनबरोबर ५ मध्ये आहे.

भारतीय शेतकऱ्याला वेष्टनावरची एक खूण मात्र चांगली परिचित आहे, ती म्हणजे रंगीत चौकट. कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार तिरप्या चौकोनाच्या खालच्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, हिरवा म्हणजे त्यामानाने सौम्य. हा रंग औषध माणसाला किती घातक ते सांगतो. तणावर ते कोठे आघात करते, याच्याशी त्याचा संबंध नाही. रंग बदलला म्हणजे औषध बदलले, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. ज्या बाटलीवर गट-क्रमांक नसेल, तिच्यावरही क्रियाशील घटकाचे नाव व शेकडा प्रमाण असतेच. त्या नावावरून क्रमांक काढता येतो. मोठ्या अक्षरांतील व्यापारी नाव या कामी निरुपयोगी आहे.

हट्ट्याच्या पिकांतील गट : सोयाबीनमध्ये पेरणीनंतर उगवणीपूर्वी पेंडिमेथॅलीन (गट ३) वापरतात, त्याच वेळी वापरावयाचे डायक्लोसुलम गट २ मधील आहे, तर सल्फेन्ट्राझोन गट १४ मधील. उगवणीनंतर सर्वाधिक खप इमॅझेथापीरचा (गट २). दहा टक्के तीव्रतेचे हे औषध हेक्टरी एक लिटर, म्हणजे क्रियाशील घटक १०० ग्रॅम, या प्रमाणात पीक १५ ते २० दिवसांचे असताना फवारतात. केवळ गवतांसाठी क्विझॅलोफॉप व प्रोपाक्विझॅफॉप (दोन्ही गट १) आहेत. रुंद पानांच्या तणांसाठी क्लोरिम्यूरॉन आहे, पण तेही गट २ चेच.

जोड-औषधांच्या बाबतीत अंक विशेष उपयोगी पडतो. इमॅझेथापीर व इमॅझामॉक्स यांच्या मिश्रणात दोन नावे आहेत, परंतु दोन्ही गट २ ची. प्रतिकाराच्या दृष्टीने ते एकच औषध होय. प्रोपाक्विझॅफॉप व इमॅझेथापीर यांच्या मिश्रणात १ व २ हे दोन गट आहेत खरे, पण पहिला फक्त गवतांवर चालतो. माठ, दुधी, कुर्डू यांच्यावरील सारा भार पुन्हा गट २ वरच पडतो, आणि या तणांपुरते ते मिश्रण नाहीच. ॲसिफ्लुओर्फेन व क्लोडिनॅफॉप (१४ व १) यांच्या मिश्रणात मात्र रुंद पानांच्या तणांना गट १४ चा नवा घाव बसतो. म्हणून वेष्टनावर दोन अंक असणे पुरेसे नाही. आपल्या रानातील मुख्य तणावर त्यांपैकी किती अंक खरोखर चालतात, ते पाहावे लागते.

याहून मोठा चकवा पीकबदलाचा आहे. पीक बदलले की तणनाशक बदलते व प्रतिकार टळतो असे सांगितले जाते, आणि सर्वसाधारणपणे ते बरोबर आहे. पण वसमत भागातील एखाद्या बागायती रानाचा चार वर्षांचा हिशोब मांडून पाहावा. सोयाबीनमध्ये इमॅझेथापीर : गट २. मागून गव्हात सल्फोसल्फ्यूरॉन किंवा मेटसल्फ्यूरॉन : गट २. पुढे कापसात रुंद पानांच्या तणांसाठी पायरिथायोबॅक : गट २. उसात लव्हाळ्यासाठी (लॅ. सायपेरस रोटंडस) हॅलोसल्फ्यूरॉन : तेही गट २. चार पिके, चार दुकानी नावे, चार निरनिराळे सल्ले. आणि तणाच्या दृष्टीने चार वर्षे एकच घाव. हरयाणातील शेतकऱ्याला आपण एकच औषध वापरीत आहोत हे निदान ठाऊक होते. येथे ते ठाऊक असण्याची सोय अंकाशिवाय नाही. हळदीत लागवडीनंतर उगवणीपूर्वी वापरली जाणारी अॅट्राझीन व मेट्रिब्यूझीन ही दोन्ही गट ५ ची आहेत. एका वर्षी एक व दुसऱ्या वर्षी दुसरे वापरणे हा बदल नव्हे. तथापि सोयाबीननंतर हळद घेतल्यास गट २ च्या जागी गट ५ येतो, आणि आठ-नऊ महिन्यांच्या त्या पिकात भरणी व खुरपणीही होते. या दृष्टीने हळद हे या परिसराचे एक मोठे बळ आहे.

बांधावर व पडीक रानात गाजरगवतावर (लॅ. पार्थेनियम हिस्टेरोफोरस, भारतातील पहिली नोंद पुण्याची, १९५५–५६) फवारल्या जाणाऱ्या ग्लायफोसेटचा गट ९ आहे. त्याचा वापर व्यावसायिक कीड-नियंत्रकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. या औषधाला न मरणाऱ्या कपाशीला भारतात मान्यता मिळालेली नसताही २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तिची उघड पेरणी करून सत्याग्रह केला. ज्या देशांत अशी पिके सर्रास आली, तेथे एकट्या गट ९ वर सारा भार पडून माठवर्गीय तण मोकाट झाले; अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या कापूसपट्ट्यात २००५ पासून पुन्हा माणसे लावून तण उपटण्याची पाळी आली.

नियोजनाच्या मर्यादा : अंक बदलत राहिल्याने प्रतिकार लांबतो, टळत नाही. गुल्लीडंड्यासारखे औषध मोडून टाकणारे तण गटांच्या सीमा ओलांडते. अशा प्रतिकाराला कमी मात्रेची फवारणी पोषक ठरते, कारण अर्धवट बळाची झाडे जगून त्यांचे गुण संकराने एकत्र येतात. ऑस्ट्रेलियातील राय गवतावर हे प्रयोगाने दाखविले गेले आहे. कमी औषधात जास्त रान फवारण्याची काटकसर म्हणूनच महाग पडते. उलट, मात्रा वाढविल्यास इमॅझेथापीरसारख्या औषधाचा अंश जमिनीत राहून मागाहून पेरलेल्या ज्वारीला किंवा मोहरीवर्गीय पिकाला इजा पोचू शकते. नवी क्रियास्थाने सापडण्याचा वेगही १९९० नंतर फार मंदावला आहे. जे गट हाती आहेत त्यांवरच दीर्घकाळ भागवावे लागणार, असे दिसते.

त्यामुळे ज्यांना क्रमांक नाही अशा उपायांचे मोल वाढते. पेरणीपूर्वी वखराची एक पाळी अधिक देणे, वाफसा मिळताच एक कोळपणी करणे आणि फवारणीतून वाचलेली थोडी झाडे फुलोऱ्यापूर्वी हाताने उपटून रानाबाहेर नेणे, हे तीन उपाय कोणत्याही गटाच्या प्रतिकारावर सारखेच चालतात. यांपैकी तिसरा सर्वांत स्वस्त आहे, कारण चौथ्या वर्षापर्यंत अशी झाडे मोजकीच असतात. केना मात्र उपटून बांधावर टाकू नये. त्याच्या कांड्यांना ओल मिळताच मुळे फुटतात, शिवाय हे तण जमिनीखालीही फुले व बी धरते. माठाचे एक मोठे झाड लाखाच्या घरात बी देऊ शकते आणि त्यातील काही बी अनेक वर्षे जमिनीत जिवंत राहते. हे बी एका रानात राहत नाही. सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रे गावोगाव फिरतात, कालव्याचे पाणी शिवारे ओलांडते, आणि गुरांच्या पोटातून न पचता बाहेर पडलेले बी अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर परत शेतात येते. यंत्र दुसऱ्या रानात नेण्यापूर्वी झाडून घेणे व शेणखत पूर्ण कुजवूनच टाकणे या गोष्टी कोणत्याही बाटलीवर छापलेल्या नसतात. एका रानातील प्रतिकारक तण शेजारच्या गावात पोचण्याचे मार्ग मात्र प्रामुख्याने हेच आहेत.